दही, शिरका, खळ आणि मेंदी

गुरुवारी संध्याकाळी मुलीचा निकाह, आणि मंगळवारी दुपारी मुलीचा बाप समुद्रावरून घरी आला तो भरताचं वांगं होऊन! टक्कल लाल, मान लाल, पाठ लाल, हातांची मागची बाजू तर अशी लाल की बोटं मिटायला गेलं की डोळे आपोआप मिटत.

बायकोने, म्हणजे सुहेरने, दार उघडलं आणि आधी शेजारी कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली.

"अहो, हे काय करून घेतलंत?"

"मी काही करून घेतलं नाही. झालं."

"मुलांना जन्मभर भूगोल शिकवलात. सूर्य कुठून उगवतो, कुठे मावळतो, सगळं फळ्यावर काढून दाखवलंत. डोक्यावर आलेला तेवढा दिसला नाही?"

बहगत मास्तर सरळ आत जाऊन पालथे पडले. उत्तर द्यायला ओठ हलवावे लागतात आणि ओठांच्या वरची मिशी हलली की गाल ओढला जातो, हा नवा भूगोल त्यांना रस्त्यातच कळला होता.

झालं होतं ते असं. नवरामुलगा वाएल टांट्याचा, दातांचा डॉक्टर. त्याची माणसं निकाहासाठी दोन दिवस आधीच अलेक्झांड्रियात येऊन आपल्या नातेवाइकांकडे उतरली होती. टांट्याच्या माणसांना समुद्र म्हणजे अपूर्वाई, तेव्हा मंगळवारी सगळ्यांनी मिळून सीदी बिश्रच्या वाळूवर जमायचं ठरलं. आता ऑगस्टात सीदी बिश्रला पहिल्या रांगेत जागा मिळवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. मास्तर उजाडायच्या आत गेले, पाण्यासमोर आठ खुर्च्या मांडल्या, मधोमध छत्री रोवली आणि राखणीला बसले.

रिकामी खुर्ची ही तिथे कुणाच्याही बापाची असते. ती आपली आहे हे दाखवायला तिच्यावर आपलं काहीतरी ठेवावं लागतं. मास्तरांनी एका खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवलं. दुसरीवर पंचा. तिसरीवर टोपी. लोक वाढू लागले तसा चौथीवर सदरा गेला, पाचवीवर बनियन. सहावीवर चष्म्याचं घर, सातवीवर चपला. आठवीवर मास्तर स्वतः. छत्री तेवढी राहिली होती, तर एक लेकुरवाळी बाई आली आणि म्हणाली, "उस्ताद, तान्हं आहे हो, जरा सावली द्याल?" नाही म्हणता येईना. अशा रीतीने जे जे म्हणून उन्हापासून वाचवू शकलं असतं ते ते सगळं पाहुण्यांच्या मानासाठी वाटून मास्तर अर्ध्या चड्डीवर बसून राहिले. दहाला येणार होते टांट्याचे लोक. दुपार कलली तरी एकाचाही पत्ता नाही. पण मास्तरांनी एकही खुर्ची गमावली नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

आता, असं कुणी आलं नाही तर 'का आला नाहीत' हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. विचारलं तर आपण वाट बघत होतो हे कळतं. संध्याकाळी वाएलच्या आईने औषधवाल्याच्या दुकानात फोन करून सुहेरला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "समुद्र काय सुंदर हो तुमचा!" सुहेर म्हणाली, "तुमच्या येण्याने उजळला!" दोघी गोड हसल्या आणि दोघींनी मनात एकेक गाठ मारून ठेवली.

"टांट्याचे ते टांट्याचेच," मास्तर पालथे पडून म्हणाले. "एवढे दात उपटतो म्हणे. दिलेला शब्द पण मुळासकट उपटला."

फोनच्या निमित्ताने सुहेरने औषधवाल्याला भाजण्याचंही विचारलं होतं. तो म्हणाला, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि बाकी काही लावू नका. हे ऐकून सगळी इमारत हसली. ज्याला काही वाटावं, घोटावं किंवा शेजारणीकडून आणावं लागत नाही त्याला उपाय कोण म्हणेल?

त्यात सुहेरचे मोठे बंधू हाजी फतही येऊन टेकले. फतहींचं नळ-तोट्यांचं दुकान आहे आणि ते स्वभावाने मोठ्या नळासारखे आहेत. सोडले की बंद करायला माणूस बोलवावा लागतो. या लग्नातलं शरबत त्यांनी ठरवलेलं, खुर्च्या त्यांनी ठरवलेल्या, माझून, म्हणजे निकाह लावून सरकारी वहीत नोंदवणारे शेख, तेही त्यांच्याच ओळखीचे. मास्तरांसाठी एकच गोष्ट उरली होती. निकाहाच्या वेळी मुलीचा वकील, म्हणजे तिच्या वतीने बोलणारा, म्हणून नवऱ्या मुलाच्या हातात हात द्यायचा, वर पांढरा रुमाल पडायचा आणि शेख सांगतील ते शब्द म्हणायचे. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी मास्तर गेले कित्येक दिवस आरशासमोर एकटेच उजवा हात पुढे करून उभे राहत होते.

"बहगत," फतही खाट हलवत बसले, "तू असाच पडून राहा हो. माझ्या मनात आलं, हात काय, मीही देऊ शकतो. बापाने परवानगी दिली की मामा चालतो. शेख म्हणाले मला."

"बाप मेला तर मामा चालतो."

"मरणाचं कशाला बोलतोस शुभकार्यात? मी म्हणतो, या हाताने तू कुणाचा हात धरणार? एकदा धरून दाखव."

त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी तो धरला. दातओठ खाऊन धरला. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वरच्या मजल्यावरच्या मॅडम ओडेत यांना रेडिओतला बिघाड वाटला.

"बघ बुवा," फतही उठत म्हणाले. "गुरुवारपर्यंत बरा झालास तर ठीक. नाहीतर मी पांढरा सूट इस्त्रीला टाकलाच आहे."

झालं! आता हा नुसता भाजण्याचा प्रश्न राहिला नाही. इभ्रतीचा झाला.

पहिला मान घरच्या उपायाला. सुहेरने दह्याचा अख्खा वाडगा नवऱ्याच्या अंगावर उपडा केला आणि पाठ सारवतात तशी सारवली. काय तो थंडावा! मास्तरांना शाळेत निरोप समारंभाच्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. वारा लागावा म्हणून ते सज्जात चटईवर पालथे झाले आणि त्यांचा डोळा लागला. अलेक्झांड्रियात माणसामागे एक मांजर पडतं आणि गल्लीतल्या सगळ्या मांजरांना दही कळतं, हे सुहेरच्या लक्षात यायला हवं होतं. मास्तर जागे झाले तेव्हा पाठीवर तीन मांजरं होती, मानेवर एक, आणि सगळी एकदिलाने चाटत होती. मांजराची जीभ खरखरीत असते. एवढंच सांगतो. मिशीतलं दही मात्र त्यांनाही निघालं नाही. ते असं वाळून बसलं की ओलं करून सोडवायला जावं तर खालची कातडी सोबत यायला बघे. शेवटी सुहेरने कात्री आणली.

"मिशी नाही!" मास्तर ओरडले.

"पुन्हा येईल हो. मुलीचं लग्न पुन्हा येणार आहे का?"

मास्तरांनी डोळे मिटून तोंड पुढे केलं. स्वतःच्या लग्नाच्याही आधीपासूनची मिशी कचऱ्यात गेली.

समोरच्या बिऱ्हाडातल्या उम्म हुसाम हे सगळं अर्ध्या उघड्या दारातून बघत होत्या. त्या आत आल्या.

"दही? दह्याने आग आत दबते, बाई. शिरक्याने ओढून बाहेर निघते. माझ्या दिराचं अंग असंच झालं होतं. शिरका लावला, दुसऱ्या दिवशी नोकरीवर!"

"लगेच बरे झाले?"

"घरात थांबायला तयारच होईनात."

यातला इशारा कुणी ओळखला नाही. उम्म हुसाम धावत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. शिरका घरचा, जुना, मुरलेला. त्यांनी कापडाचा बोळा बुडवला आणि मास्तरांच्या पाठीवरून मानेपासून खाली असा लांब, मायेचा फराटा ओढला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मास्तर उभे राहिले. पालथा पडलेला माणूस हातापायांचा आधार न घेता सरळ उभा राहू शकतो हे त्या दिवशी दोन बायकांनी डोळ्यांनी पाहिलं. खाली रस्त्यावर घोडागाडीवाल्याने घोडा थांबवला. घोडा आपणहूनच थांबला होता म्हणतात.

"उम्म हुसाम," सुहेरने बरणीत नाक घातलं, "हा कसला शिरका?"

"वांग्याच्या लोणच्यातला. वांगी संपली, शिरका उरला होता. चांगला आहे हो, लसूण आहे, मिरची आहे..."

मास्तर न्हाणीघरात होते. तिथून पुढचा बराच वेळ फक्त पाण्याचा आणि शेजारधर्माविषयीच्या काही मतांचा आवाज येत राहिला.

बुधवारी सकाळी मॅडम ओडेत खाली उतरल्या. या बाई एकट्या राहतात, हातमोजे घालून भाजी आणतात आणि पूर्वीच्या अलेक्झांड्रियात प्रत्येक गोष्ट कशी चांगली होती हे त्यांना पाठ आहे.

"मस्यू बहगत, ही काय रानटी औषधं! आमच्या ममाँच्या वेळी समुद्रावरून आलं की खळ लावायची. मक्याची. पातळ. गुलाबपाण्यात." आणि त्यांनी स्वतः घोटून आणलेली गुळगुळीत, पांढरी, सुगंधी खळ मास्तरांना गळ्यापासून कमरेपर्यंत लावली. खरं सांगायचं तर खळीने आराम पडला. पण खळ ती खळ. ती कॉलरला जे करते तेच तिने मास्तरांना केलं. तासाभरात ते इतके ताठ झाले की वाकता येईना, वळता येईना, हात बगलेपासून दूर ते दूरच. त्याच वेळी शाळेचे मुख्याध्यापक आमंत्रणाबद्दल आभार मानायला आले. मास्तर दारात असे छाती काढून, मान ताठ करून, मख्ख उभे, की मुख्याध्यापकांना वाटलं हा माणूस मुलगी डॉक्टरला दिल्यापासून फार चढला आहे. ते शरबतही न घेता परत गेले.

"आता?" सुहेर डोक्याला हात लावून बसली. "उद्या लग्न!"

घरात त्या संध्याकाळी मुलीची, इंजीची, मेंदी होती. तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या, ढोलकी वाजत होती, आतल्या खोलीत बाप खळीत उभा होता. भिजवलेली मेंदी परातभर उरली, ती घेऊन इंजीच आत आली. स्वतःचे रंगलेले हात वर धरून, कोपराने दार ढकलत.

"बाबा, दक्षिणेतले अस्वानकडचे लोक उन्हात मेंदी थापतात डोक्यावर. थंड असते. आपल्या दरवानाने सांगितलं."

"आणि रंग?"

"पहाटे धुऊन टाकू. चढतच नाही हो लवकर."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. उद्या ही टांट्याला जाणार. त्या शब्द न पाळणाऱ्यांच्या घरी. रंगाची पर्वा सोडून त्यांनी डोकं पुढे केलं. टकलावर मेंदी, मानेवर मेंदी, दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी. आहाहा! इतका वेळ भडकलेलं अंग विझलं. मास्तर बसल्याबसल्या झोपले. आणि बापाला दोन दिवसांनी धड झोप लागली म्हणताना त्याला पहाटे उठवायची छाती कुणाला झाली नाही.

सकाळी धुतलं. आग खरंच निम्मी झाली होती. डोकं मात्र संत्र्याचं झालं होतं. साधं नव्हे, सालीला तकाकी असलेलं, पेटीतलं वरच्या थरातलं संत्रं. हात म्हणाल तर इंजीपेक्षा सुरेख रंगले होते.

"मावशी," मैत्रिणींपैकी एक हळूच सुहेरला म्हणाली, "ज्याची मेंदी जास्त रंगते त्याला सासू चांगली मिळते ना हो?"

संध्याकाळ झाली. बैठकीत पुरुष, आत बायका, खिडकीत मांजरं. मास्तर काळ्या सुटात, सुजलेले डोळे बारीक करून, हात पाठीमागे लपवून बसले होते. वाएल समोर बसला होता, अवघडल्यासारखा, ताठ, खुर्चीच्या पाठीला न टेकता. मास्तरांना तोही शिष्टपणाच वाटला. फतही पांढऱ्या सुटात सगळीकडे होते.

शेख झहरान आले, वही उघडली. "मुलीचा वकील कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "बाप."

"ओळखपत्र."

मास्तरांनी दिलं. शेखांनी फोटो पाहिला. फोटोत सावळा, हाडकुळा चेहरा आणि त्यावर घोड्याच्या नालेएवढी मिशी. शेखांनी समोर पाहिलं. समोर टम्म, लाल, बिनमिशीचं काहीतरी, आणि त्यावर संत्रं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हे कोण?"

"मीच तो."

"या फोटोतल्या गृहस्थांना बोलवा."

"शेखसाहेब, तो मीच. ऊन लागलं."

"ऊन लागून मिशी जाते?" शेखांनी वही मिटली. "हे बघा, उद्या कुणी म्हणालं की झहरानने भलत्याच माणसाचा हात घेऊन निकाह लावला, तर सरकारला मी काय सांगू? हात दाखवा."

हात पुढे आले. बैठकीतून एक दबलेला 'अरे देवा' उठला. शेखांनी त्या मेंदीकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि नवरी नक्की कोण अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेली.

"कायदा म्हणजे कायदा," फतही गोडपणे म्हणाले आणि बाही सावरली. "बहगत, तू बस बाबा निवांत. शेखसाहेब, माझं ओळखपत्र तयार आहे. मिशीही जागेवर आहे."

"दादा!" आतून सुहेरचा आवाज आला. "लाज वाटू दे जरा!"

"मी काय वाईट बोललो?" आणि मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणे शपथ घ्या, कुणी म्हणे उद्यावर टाका, कुणी म्हणे मिशी आणून जुळवून बघा. शेख वही काखेत मारून उठलेच. गलका वाढला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो एवढासा रुमाल, तो हात, ते आरशासमोरचे दिवस, सगळं फतहींच्या पांढऱ्या सुटात विरघळताना दिसलं. आणि त्यांच्या आतून, खळ, मेंदी, दही सगळं फोडून, आयुष्यभराचा आवाज बाहेर पडला:

"गप्प! खाली बसा सगळे!"

अर्धी बैठक धाडकन खाली बसली. किराणावाला बसला, बँकेतला कारकून बसला, फोटोवाला कॅमेऱ्यासकट बसला. शेखांबरोबर वही धरायला आलेला दाढीवाला मदतनीस बसला आणि बसताना त्याने दोन्ही हात पुढे बाकावर ठेवतात तसे गुडघ्यांवर ठेवले. सीदी बिश्रमधल्या एका पिढीला या आवाजाने नद्या आणि डोंगर शिकवले होते. चेहरा बदलतो, आवाजाला मिशी नसते.

शेख अर्धे वाकले होते, ते पूर्ण बसले. "यांच्याच शाळेत होतास का रे?" त्यांनी मदतनिसाला विचारलं.

"दोनदा नापास केलं होतं सरांनी," मदतनीस कापऱ्या आवाजात म्हणाला. "हेच ते. देवाशपथ हेच."

"वकील, पुढे या," शेख म्हणाले.

फतहींनी बाही खाली केली. "आवाज माझ्याही ओळखीचा आहे म्हणा," ते पुटपुटले आणि शरबताकडे गेले.

मास्तर पुढे सरकले. वाएल पुढे सरकला. उजवे हात पुढे झाले, शेखांनी वर रुमाल टाकला आणि प्रवचन सुरू केलं. मास्तरांनी श्वास कोंडला. आता हा तरणाबांड गडी पकडणार, आता जीव जाणार... वाएलची बोटं लागली मात्र, आणि 'स्स्स' असा आवाज आला. मास्तर तयारीत होते, पण तो त्यांचा नव्हता.

त्यांनी मान वर केली. जावई ओठ चावून, डोळ्यांत पाणी आणून बसला होता.

"काका," तो ओठ न हलवता म्हणाला, "जरा हळू. हात भाजलाय."

"तुझा? कुठे?"

"मंगळवारी. सीदी बिश्रच्या पुढे, मियामीच्या वाळूवर. तुम्ही येणार म्हणून पहाटेपासून खुर्च्या धरून बसलो होतो. दहा खुर्च्या. अंगावरचं सगळं काढून त्यांच्यावर ठेवलं. तुम्ही आलाच नाहीत."

"मियामी? अरे, सीदी बिश्र ठरलं होतं!"

"आई म्हणाली पाहुणचार आपणच करायचा, जागा आपण धरू. माझे इथले मामा म्हणाले, मियामीची वाळू चांगली. कळवायचं मात्र राहिलं. नंतर विचारायला लाज वाटली."

शेख पती-पत्नीच्या परस्पर कर्तव्यांवर आले होते. रुमालाखाली दोन हात हळूच सैल झाले, मागे सरले आणि बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून, कुणी कुणाला न शिवता, समोरासमोर थांबले. वरून रुमाल कसा घट्ट दिसत होता!

"काय लावलंस?" मास्तरांनी विचारलं.

"दही. मग टोमॅटो. मग मामांनी शिरका."

"लोणच्यातला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात घट्ट धरा!" शेखांनी फर्मावलं. "म्हणा माझ्या मागून..."

दोघांनी असे भराभर आणि मोठमोठ्याने शब्द म्हटले की शेखांना पुढचे शब्द आठवायला वेळ पुरेना. सह्या झाल्या, अंगठे उठले, आतून बायकांच्या जिभा वळून आनंदाच्या किलकाऱ्या सुटल्या, रुमाल शकुनाचा म्हणून कुणीतरी हिसकावून पळालं. आणि मग मास्तरांच्या लक्षात आलं की खरं संकट आत्ता सुरू होतंय. बैठकीतले सगळे पुरुष उठले होते. रांग लागत होती. आता प्रत्येक जण मुलीच्या बापाला मिठी मारणार, दोन्ही गालांवर पापे घेणार, पाठीवर थापा मारणार. रांगेत सगळ्यांत पुढे फतही होते. त्यांनी दोन्ही हात पसरले होते, डोळे भरून आले होते, आणि हरलेला माणूस जितक्या मोठ्या मनाने मिठी मारतो तितक्या मोठ्या मनाने ते येत होते.

मास्तरांनी डोळे मिटले.

थाप बसली. दणदणीत. पुन्हा बसली. पण मास्तरांना काही लागलं नाही. डोळे उघडून पाहतात तर मध्ये वाएल उभा, फतहींच्या मिठीत रुतलेला, आणि फतही त्याच्या पाठीवर थापांवर थापा ठेवून देताहेत. त्याच्या पाठीची ताठ ऐट कशाची होती ते मास्तरांना आत्ता कळलं.

"आधी मी, मामा," वाएल घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "आधी सगळ्यांनी मला... काका थकलेत..."

किराणावाल्याने मिठी मारली. कारकुनाने मारली. मदतनिसाने तर उचललंच. टांट्याचा तो गडी एकामागून एक थापा खात, डोळ्यांतून धारा वाहवत, हसत उभा राहिला. लोक म्हणाले, बायकोवर किती जीव आहे बघा.

सुहेर दारात येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. "कसा वाटतोय हो जावई?"

"आपल्यातलाच आहे," बहगत मास्तर म्हणाले. "न्हाणीघरात पाणी काढून ठेव. आणि उम्म हुसामना आत येऊ देऊ नकोस."